कौलारू घराच्या जुन्या लाकडातून बेडरूमची भिंत: गोव्याच्या हवेत टिकेल अशी

गोव्यात कौलारू घर मोडून स्लॅब टाकायचं ठरलं की वासे, रिपा, पाटे, दारं-खिडक्या असं ढीगभर लाकूड निघतं. त्यात सागवान, माटी, किंदळ असं अस्सल लाकूड असतं, तरी बरंचसं चुलीत नाहीतर भंगारात जातं. हेच लाकूड फाडून पलंगामागची एक भिंत मढवता येते. हातात बरा सुतार असेल, किंवा स्वतःला ड्रिल आणि करवत चालवता येत असेल, तर काम अवघड नाही.

अडचण आहे ती हवेची. जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब, मार्च-एप्रिलमध्ये एसी लावून तीच खोली कोरडीठाक, आणि वाळवी बारा महिने. व्हिडिओत दिसणारी पद्धत, म्हणजे फळ्या भिंतीला थेट चिकटवून वर खिळे मारण्याची, कोरड्या हवेसाठी ठीक आहे. इथे तसं केलं तर दुसरा पावसाळा येईपर्यंत फळ्या मधूनच फुगून वर येतात आणि मागे बुरशी धरते. म्हणून खाली दिलेल्या कामापैकी निम्म्याहून जास्त काम पहिली फळी भिंतीवर चढायच्या आधीचं आहे.

सगळी मापं 10 फूट रुंद आणि 9 फूट उंच, म्हणजे 90 चौरस फुटांच्या भिंतीसाठी दिली आहेत. आपल्या भिंतीप्रमाणे कमी-जास्त करावीत.

आधी भिंत तपासा

पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूची बाहेरची भिंत शक्यतो निवडू नका. मागे बाथरूम असलेल्या भिंतीवरही संशय घ्या. टाइल्सच्या सांध्यातून मुरलेलं पाणी रंगावर वर्षानुवर्षं दिसत नाही, पण लाकडाला लगेच कळतं. दोन खोल्यांमधली आतली भिंत सगळ्यात बरी.

ओल तपासायची साधी पद्धत अशी. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीपासून फूटभर उंचीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. काढल्यावर प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव असेल, तर भिंतीत ओल आहे. पांढरा लोणा फुटलेला असेल किंवा रंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर चाचणीचीही गरज नाही. ओल कुठून येते ते शोधून आधी ती बंद करा. वरून लाकूड मढवल्याने ओल जात नाही, फक्त नजरेआड होते.

वाळवीचा बंदोबस्तही याच टप्प्यावर. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भिंत आणि लादीच्या सांध्यात फुटाफुटावर 12 मिलिमीटरची भोकं पाडून इमिडाक्लोप्रिडसारखं औषध भरून घ्या. लाकूड चढल्यावर हे करायचं म्हणजे खालच्या फळ्या उचकटाव्या लागतात.

वजनाची काळजी जांभ्या चिऱ्यांच्या किंवा विटांच्या भिंतीला नाही. सांगाड्यासकट सगळं मिळून 100 ते 125 किलो होतं, आणि ते साठेक स्क्रूंवर वाटलं जातं. जिप्समच्या पार्टिशनवर मात्र हे काम आतल्या धातूच्या सांगाड्यात स्क्रू मिळत असतील तरच करा.

कुठलं लाकूड घ्यावं, कुठलं सोडावं

सागवान मिळालं तर उत्तम. तेलकट, वाळवीला सहसा दाद न देणारं आणि हवेबरोबर सगळ्यात कमी हलणारं. माटी, म्हणजे घाटावरचा ऐन आणि गोव्याचा राज्यवृक्ष, जड आणि गडद तपकिरी. रेषा फार देखण्या, पण खिळा वाकवणारं कठीण आणि सागापेक्षा जास्त फुगणारं-आकसणारं. किंदळ करडं-तपकिरी, कामाला ठीक. फणस नवीन कापला की पिवळाधमक दिसतो आणि उजेडात हळूहळू तांबूस तपकिरी होतो, त्यामुळे आजचा रंग बघून जुळवाजुळव करू नका. आंब्याच्या फळ्या स्वस्तात मिळतात, पण भुंग्याला त्या भारी आवडतात, बेडरूममध्ये नकोतच.

तीन प्रकारचं लाकूड फुकट मिळालं तरी नाकारावं. पहिलं, जुन्या होड्यांचं. दिसायला झकास, पण त्यात मीठ मुरलेलं असतं. मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं, म्हणून ते पावसाळ्यात घामेजतं आणि खिळे खातं. दुसरं, रांधपाच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या, खोलीवरचे धुराने काळे झालेले वासे. सोड्याच्या पाण्याने कितीही घासले तरी बंद खोलीत धुराचा वास पुन्हा येतो. तिसरं, डांबर किंवा काजूच्या टरफलाचं तेल चोपडलेलं लाकूड. ते तेल कातडी भाजतं, आणि घासताना उडणाऱ्या धुळीनेही अंगावर पुरळ येतं.

वेर्णा किंवा वास्कोच्या बाजूला मालाची पॅलेट्स मिळतात. ती वापरायची तर फळीवरचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे उष्णता देऊन किडीपासून मुक्त केलेलं, ते चालतं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं. झोपायच्या खोलीत ते नको. शिक्काच नसेल तर सोडून द्या. खरं तर पॅलेटचं पाइन आणि जुनं माटी यांची तुलनाच होत नाही. दुसरं मिळत असताना पहिल्याच्या मागे लागायचं कारण नाही.

विकणाऱ्याकडून घराचा उल्लेख असलेलं बिल किंवा घरमालकाचं पत्र घ्या. टेम्पोभर सागवान घेऊन जाताना वाटेत कोणी हटकलं तर ते हाताशी असावं.

किती लाकूड लागेल

नव्या लाकडाला 10 टक्के घट धरतात. जुन्याला 25 टक्के धरा: टोकं कुजलेली, मधे खिळ्यांची भोकं, कुठे चीर. म्हणजे 90 चौरस फुटांसाठी साधारण 115 चौरस फूट फळी.

समजा 4 इंच बाय 3 इंचाचे वासे मिळाले. सॉ मिलवर 3 इंचाच्या बाजूने चार फळ्या निघतात, प्रत्येकी 14 मिलिमीटर जाड आणि 4 इंच रुंद. उरलेलं करवतीच्या कापात आणि बाजू सरळ करण्यात जातं. एक धावता फूट वाशातून सुमारे 1.33 चौरस फूट फळी. म्हणजे 86 धावते फूट, किंवा टोकं कापून 8 फूट उरणारे 11 वासे. घनफुटात हे 7.2 भरतं, मोलभाव करताना साडेसात धरा. मोजणी टोकं कापल्यावर करायची, हे आधीच ठरवून घ्या. भिंतीत गाडलेलं वाशाचं टोक वीतभर तरी निकामी असतंच, त्याचे पैसे देण्यात अर्थ नाही.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. चार फळ्यांपैकी कडेच्या दोघींनाच जुना, उन्हाधुराने मुरलेला चेहरा असतो. मधल्या दोन कोऱ्या निघतात, सागाच्या तर सोनेरीच. सगळ्या भिंतीला जुनाच चेहरा हवा असेल तर वासे न फाडता जुन्या पाट्यांच्या फळ्या किंवा कौलांच्या रिपा शोधा. आमच्या मते मिश्रण जास्त चांगलं दिसतं: सगळी भिंत काळपट केली की लहान खोली अंधारी होते.

सांगाड्यासाठी 2 इंच बाय 1 इंच रिपा, एकूण 80 धावते फूट. कौलांखालच्या जुन्या माटीच्या रिपा यासाठी अगदी योग्य.

खिळे, भुंगा, जुना रंग

सॉ मिलवाला खिळा असलेलं लाकूड हातात घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. एका खिळ्यात बँडसॉचं पातं तुटतं. जंबुराने दिसणारे खिळे उपटा. डोकं तुटलेला असेल तर बाजूचं लाकूड पटाशीने थोडं कोरून पकडीत धरा, नाहीतर मागून दुसऱ्या खिळ्याने ठोकून बाहेर काढा. मग जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक बाजूवरून सावकाश फिरवा. चुंबक ओढ घेईल तिथे खडूने खूण. खोल गेलेला खिळा त्यालाही सापडत नाही; त्यासाठी भिंतीतल्या वायरी शोधायचं छोटं डिटेक्टर यंत्र वापरा.

लाकडाला भोकं दिसली म्हणून घाबरू नका. भुंगा जिवंत आहे की जाऊन वर्षं झाली ते पाहा. तुकडे झाडून, पुसून काळ्या कागदावर किंवा गडद कापडावर आठ-दहा दिवस आडवे ठेवा, अधूनमधून लाकडी हातोडीने टकटक करा. मैद्यासारखं ताजं पीठ कागदावर पडलं तर आत किडा आहे. असा तुकडा घरात आणू नका, बाकीच्या ढिगाशेजारीही ठेवू नका. पीठ न पडणारी जुनी भोकं तशीच ठेवली तरी चालतात, दिसायलाही बरी दिसतात.

रंगीत दारं-खिडक्यांच्या फळ्यांबद्दल मात्र आम्ही कडक आहोत. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, जुन्या थरांत जास्तच. तो रंग कोरडा घासला की शिशाची धूळ खोलीभर बसते, आणि लहान मुलांना तिचा धोका सगळ्यात जास्त. हीट गन लावली तर वाफ. रंग काढायचाच तर घराबाहेर, रिमूव्हर लावून ओलसर खरवडा आणि खरवड पिशवीत भरा. नाहीतर अशा फळ्या बेडरूममध्ये वापरू नका.

फाडणं, औषध, वाळवणं

फळ्या फाडून आल्या की 80 नंबर पॉलिश पेपरने वरचा मळ आणि कुसं काढा. करवतीचे आडवे वळ ठेवायचे असतील तर पेपर न मारता पितळी ब्रशने दाण्याच्या दिशेने घासा. नाकावर एन-95 मास्क हवाच. जुन्या लाकडाची धूळ बारीक आणि तिखट असते.

मग किडीचं औषध. 10 लिटर गरम पाण्यात 600 ग्रॅम टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, आणि 400 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. दोन्ही एकत्र टाकले तरच इतकं प्रमाण पाण्यात उतरतं. एकेकटं टाकलं तर बरंचसं खाली बसतं. हातमोजे घालून सगळ्या बाजूंना, विशेषतः टोकांना, एक दिवसाच्या अंतराने दोन हात द्या. रिपांनाही. मुलं आणि घरातली जनावरं दूर ठेवा. फाडण्याआधी औषध लावून उपयोग नाही, कारण नवे काप कोरेच राहतात.

आता घाई करायची नाही. ज्या खोलीत भिंत करायची त्याच खोलीत फळ्या थरावर थर रचा, दोन थरांमध्ये दीड-दीड फुटावर सारख्या जाडीच्या पातळ पट्ट्या आडव्या ठेवून, म्हणजे हवा खेळेल. दोन ते तीन आठवडे लागतात. एसी वापरत असाल तर रोजच्यासारखा चालू ठेवा. ओलावा मोजायचं पिनवालं मीटर असेल तर 10 ते 13 टक्के हवेत. 16 च्या वर असेल तर थांबा. बोरॅक्समुळे पृष्ठभागावर मीटर जरा जास्त आकडा दाखवतं, म्हणून एखादी फळी मधे कापून ताज्या कापावर मोजा. मीटर नसेल तर एक फळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीन-तीन दिवसांनी तोला. लागोपाठ दोनदा वजन तेच आलं की लाकूड तयार.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा काळ.

पॉलिश आधी, बसवणं नंतर

ओलसर फडक्याने बोरॅक्सचे पांढरे कण पुसा, वाळू द्या, 150 नंबर पेपर हलक्या हाताने फिरवा. मग मॅट वॉटर-बेस्ड पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिश: समोर दोन हात, मागे एक, आणि चारही कडांना एकेक. 115 चौरस फुटांना साडेतीन ते चार लिटर लागेल. मागची बाजू कोरी ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर. कोरी बाजू ओल पटकन घेते, पॉलिशची बाजू सावकाश, आणि फळी पन्हाळ्यासारखी वळते.

बाकीचे पर्याय: लाखेचं पॉलिश दमट हवेत पांढुरकं पडतं. कच्चं जवसाचं तेल लाकडाला सुरेख रंग देतं, पण पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. शिवाय तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात, ती पसरून वाळवावी लागतात. सागावर ऑइल-बेस्ड पीयू मारायचं असेल तर आधी थिनरने पुसा, नाहीतर सागाच्या तेलामुळे ते चिकट राहतं.

रिपांचा सांगाडा

फळ्या आडव्या लावायच्या, म्हणून रिपा उभ्या. हे उलटं करू नका. उभ्या रिपांमधून हवा खालून वर जाते, आणि मागे बुरशी न धरण्याचं कारण तीच हवा.

रिपा लावण्याआधी भिंतीला गडद तपकिरी किंवा काळा मॅट रंग द्या, रिपांच्या समोरच्या बाजूलाही. फळ्यांमध्ये फट राहणार आहे आणि तिच्यातून पांढरी भिंत डोकावली तर भिंतभर रेघोट्या दिसतात.

मेन स्विच बंद करा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली सहसा वायरींचे पाइप असतात. तिथे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच सोडून भोक पाडा. 10 फुटांत 9 रिपा, मध्य ते मध्य सुमारे 15 इंच, खाली लादीपासून आणि वर छतापासून प्रत्येकी इंचभर कमी. प्रत्येक रिपेला 7 स्क्रू, म्हणजे 63.

स्क्रूची लांबी भिंतीवर ठरते. विटेच्या भिंतीला अर्धा-पाऊण इंच सिमेंटचा गिलावा असतो, तिथे 75 मिलिमीटर पुरतात. जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर चुन्याचा जाड, भुसभुशीत गिलावा असतो आणि रॉलप्लग (स्क्रू पकडायला भोकात ठोकतात ती प्लास्टिकची नळी) त्यात बसल्यासारखा वाटून नंतर स्क्रूसकट बाहेर येतो. तिथे 100 मिलिमीटर स्क्रू घ्या, रॉलप्लग चिऱ्यात दीड इंच तरी गेला पाहिजे. चिऱ्यात ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. जांभा सच्छिद्र, हॅमरने भोक फुटून मोठं होतं. सगळे स्क्रू स्टेनलेस स्टील 304 चे. साधं लोखंड खाऱ्या हवेत गंजतंच, वर माटी आणि सागातल्या रसायनांशी मिळून लाकडावर काळे ओघळ उमटतात आणि ते जात नाहीत.

जुनी भिंत ओळंब्यात क्वचितच असते. दोन टोकांच्या रिपा आधी ओळंब्यात लावा, त्यांच्यामध्ये वर, मधे आणि खाली अशा तीन दोऱ्या ताणा, आणि मधल्या रिपा दोरीला लागतील अशा मागे प्लास्टिकच्या पाचरी सारून पक्क्या करा. पुठ्ठ्याची पाचर नको, ती ओलीने बसते.

फळ्या चढवणं

आधी सगळं जमिनीवर मांडा. रंग आणि जाडीप्रमाणे वाटण्या करा. शेजारशेजारच्या फळ्यांत सुताहून, म्हणजे तीन मिलिमीटरहून, जास्त फरक नको, नाहीतर धूळ बसायला कट्टे तयार होतात. सांधा रिपेवरच आला पाहिजे, आणि खालच्या ओळीचा सांधा वरच्यापासून एक रीप तरी सरकलेला हवा. पलंगामागे झाकल्या जाणाऱ्या दोन फुटांत डावा माल खपवा. देखण्या फळ्या कमरेपासून डोक्यापर्यंतच्या पट्ट्यात.

पहिली ओळ लादीवर टेकवून सुरू करू नका. लादीला उतार असतो, तोच उतार छतापर्यंत चढत जातो. लादीच्या सगळ्यात उंच जागेपासून 12 मिलिमीटर वर लेव्हलने रेघ मारा आणि तिच्यावर पहिली फळी. ही फट फरशी पुसतानाच्या पाण्यासाठी आहे आणि वाळवीची मातीची नळी दिसावी म्हणूनही. 9 फुटांतून खालचे 12 आणि वरचे 10 मिलिमीटर वजा केले की कडा सरळ करून 100 मिलिमीटर उरलेली फळी आणि दीडची फट मिळून 26 ओळी पूर्ण बसतात, सत्ताविसावी साधारण 80 मिलिमीटरची कापावी लागते. आपल्या मापात शेवटची ओळ दोन इंचांहून बारीक येत असेल, तर पहिली फळीच थोडी कमी करून हिशोब जुळवा.

दोन ओळींमध्ये सागाला अर्धा सूत फट, म्हणजे दीड मिलिमीटर; माटीला दोन. फटीसाठी दोन जुनी एटीएम कार्डं एकत्र धरली की दीड मिलिमीटर बरोबर होतं. फट का, ते आकड्यांत बघा: चार इंचांची सागाची फळी कोरड्या हवेतून ओल्या हवेत जाताना जवळपास 1 मिलिमीटर फुगते. 27 ओळींचे मिळून इंचाहून जास्त. ही वाढ कुठेतरी जाणारच, आणि जागा नसली तर भिंत मधून पोट काढते.

खिळ्यांसाठी एअर गनच्या 18 गेजच्या, 38 मिलिमीटरच्या स्टेनलेस पिना. प्रत्येक रिपेवर दोन, फळीच्या कडेपासून इंचभर आत. 500 लागतात, 600 घ्या. माटीवर पिना वाकतात. तिथे दीड मिलिमीटरचं भोक पाडून बारीक खिळे हाताने ठोका. फळीमागे गोंद लावायचा मोह टाळा, लाकूड हलायला मोकळं हवं. दोन्ही बाजूंना भिंतीपासून 5 मिलिमीटर सोडा, वर पट्टी मारायची तर ती छताला किंवा भिंतीला, फळीला नाही. वरची फट बंद करू नका.

स्विचबोर्ड आता चार सेंटिमीटर आत गेलेले असतील. बॉक्स पुढे आणून फळीच्या बरोबरीला घेणं आणि लांब मशीन स्क्रू लावणं हे इलेक्ट्रिशियनचं काम. वायरीचा एकही जोड फळ्यांच्या मागे बंद करू नका. एसीचा आतला युनिट याच भिंतीवर असेल तर तो उतरवून मागे फळ्या नेण्यापेक्षा त्याच्याभोवती जागा सोडा. निचऱ्याची नळी कधी ना कधी तुंबते.

पहिल्या पावसाळ्यानंतर

ऑगस्टमध्ये टॉर्च भिंतीला समांतर धरून बघा. एखादी फळी फुगून शेजारणीला टेकली असेल तर ती काढून कडेवरून रंधा एकदा फिरवा, कडेला पुन्हा पीयू द्या, परत लावा. फटीतून कुबट वास आला तर वरची किंवा खालची फट कशाने तरी बंद झाली आहे, बहुधा स्कर्टिंग नाहीतर पलंगाची पाठ. पलंग दोन इंच पुढे ओढा. दर महिन्याला खालच्या 12 मिलिमीटरच्या फटीत एकदा उजेड टाका. मातीची बारीक नळी दिसली तर ती न मोडता आधी पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा, म्हणजे वाळवी कुठून चढते ते त्याला कळेल.

साफसफाईला कोरडा मऊ ब्रश किंवा व्हॅक्युम. ओलं फडकं फिरवू नका. पीयूचा नवा हात चार-पाच वर्षांनी, तोही फक्त उशीमागे डोकं टेकतं त्या पट्ट्याला लागतो.